कामाच्या ठिकाणचे भावनिक स्व-नियमन

कामाच्या ठिकाणचे भावनिक स्व-नियमन म्हणजे नोकरी किंवा व्यवसाय करताना मनात उद्भवणाऱ्या राग, भीती, चिंता, अपमान, निराशा यांसारख्या भावनांची तीव्रता, त्यांचा कालावधी आणि त्यांची अभिव्यक्ती यांवर व्यक्तीने हेतुपूर्वक किंवा सवयीने प्रभाव टाकण्याची प्रक्रिया होय. मानसशास्त्र, संघटनात्मक वर्तनशास्त्र आणि श्रमाचे समाजशास्त्र या तिन्ही विद्याशाखांत तिचा अभ्यास होतो. प्रतिकूल अनुभवानंतर सावरण्याची आणि कार्यक्षम राहण्याची क्षमता, म्हणजेच मनोलवचीकता, ज्या घटकांवर अवलंबून असते त्यांपैकी भावनिक स्व-नियमन हा एक प्रमुख घटक मानला जातो.

भावनांचे नियमन म्हणजे भावना दडपून टाकणे नव्हे. दडपलेली भावना चेहऱ्यावर दिसत नसली तरी तिचा अनुभव बहुधा कायम राहतो आणि शरीरावरचा ताण वाढू शकतो, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे भावनेचे नियमन कोणत्या मार्गाने केले जाते, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे. कर्मचाऱ्याने स्वतःला सावरणे आणि संस्थेने कामाची परिस्थिती सुधारणे यांपैकी जबाबदारी कोणाची किती, हा प्रश्नही या विषयाशी निगडित असून त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

## संज्ञा आणि संकल्पना

मराठीत या विषयासाठी भावनिक नियमन, भावनियमन, भावनांचे व्यवस्थापन अशा निरनिराळ्या संज्ञा वापरल्या जातात. ‘मनोलवचीकता’ या अर्थाने लवचीकता, चिवटपणा, मनोबल असे शब्दही आढळतात. या शब्दांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. चिवटपणा या शब्दात टिकून राहण्यावर, तर लवचीकता या शब्दात वाकून पुन्हा पूर्ववत होण्यावर भर आहे.

पुढील संकल्पना भावनिक स्व-नियमनाशी निकटच्या असल्या तरी तिच्याहून वेगळ्या आहेत.

* भावनिक बुद्धिमत्ता : स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, समजून घेणे आणि हाताळणे या क्षमतांचा समूह. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या 1995 मधील पुस्तकामुळे ती लोकप्रिय झाली. नियमन हा या समूहाचा एक भाग आहे.
* ताणाशी सामना : ताण निर्माण करणाऱ्या प्रसंगाला तोंड देण्यासाठी केलेले विचार व कृती. यात प्रत्यक्ष समस्या सोडवण्याचाही समावेश होतो.
* आत्मसंयम : तात्कालिक ऊर्मीला आवर घालण्याची क्षमता. भावनिक नियमनात भावना शमवण्याबरोबरच ती टिकवणे किंवा वाढवणे यांचाही समावेश होतो. उदाहरणार्थ, वर्गात प्रवेश करण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःमध्ये उत्साह जागवणे हेही नियमनच होय.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

भावनांच्या आहारी न जाण्याचा विचार प्राचीन आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची संकल्पना, बौद्ध परंपरेतील वेदनांकडे तटस्थपणे पाहण्याची साधना आणि ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञान ही त्याची प्रमुख उदाहरणे आहेत. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने आपल्या हाती असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींत भेद करण्यावर भर दिला. माणूस घटनांमुळे नव्हे तर त्या घटनांविषयीच्या आपल्या समजुतींमुळे अस्वस्थ होतो, अशी त्याची भूमिका होती. मराठीत समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून रचलेले असून मनाला वळण लावण्याच्या शिकवणीचा तो सर्वपरिचित ग्रंथ आहे.

आधुनिक काळात हान्स सेल्ये यांनी 1936 पासून ताणाच्या शारीरिक परिणामांचा अभ्यास मांडला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली व तिच्या मुळाशी असलेल्या विचाराचे श्रेय एपिक्टेटसला दिले. 1960 च्या दशकात एरन बेक यांनी बोधनिक उपचारपद्धती विकसित केली. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ताण हा केवळ परिस्थितीत किंवा केवळ व्यक्तीत नसतो; परिस्थिती आपल्याला किती धोकादायक आहे आणि तिला तोंड देण्याची साधने आपल्याकडे आहेत का, या मूल्यमापनातून तो निर्माण होतो.

कामाच्या ठिकाणच्या भावनांचा स्वतंत्र अभ्यास 1983 मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांच्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथाने सुरू झाला असे मानले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये भावनिक नियमनाच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन प्रक्रिया-प्रारूप मांडले. अ‍ॅलिशिया ग्रँडी यांनी 2000 मध्ये होकशिल्ड व ग्रॉस यांच्या मांडण्या जोडून दाखवल्या. तेव्हापासून हे दोन्ही प्रवाह एकत्रितपणे अभ्यासले जातात.

## ग्रॉस यांचे प्रक्रिया-प्रारूप

या प्रारूपानुसार भावना एकाएकी उद्भवत नाही. परिस्थिती निर्माण होते, तिच्याकडे लक्ष जाते, तिचा अर्थ लावला जातो आणि मग शरीर, मन व वर्तन यांचा प्रतिसाद घडतो. या क्रमात पाच ठिकाणी हस्तक्षेप करता येतो.

1. परिस्थितीची निवड : विशिष्ट भावना निर्माण करणाऱ्या प्रसंगात जायचे की तो टाळायचा, हे ठरवणे.
2. परिस्थितीतील बदल : प्रसंग टाळता येत नसल्यास त्यात फेरफार करणे.
3. लक्षाची दिशा बदलणे : प्रसंगातील एखाद्या अंगाकडे लक्ष देणे किंवा त्यावरून ते हटवणे.
4. बोधनिक बदल : प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे. यालाच पुनर्मूल्यांकन असे म्हणतात.
5. प्रतिसादातील बदल : भावना उद्भवल्यानंतर तिची अभिव्यक्ती किंवा तिचे शारीरिक परिणाम आवरणे. चेहरा निर्विकार ठेवणे, दीर्घ श्वास घेणे ही याची उदाहरणे होत.

बँकेच्या रोख काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या उदाहरणातून हे टप्पे स्पष्ट होतात. निवृत्तिवेतन जमा होण्याच्या दिवशी होणाऱ्या गर्दीत दुसऱ्या विभागात काम मागून घेणे ही परिस्थितीची निवड झाली. टोकन पद्धत सुरू करून रांगेतील गोंधळ कमी करणे हा परिस्थितीतील बदल झाला. ग्राहक ओरडत असताना त्याच्या आवाजाऐवजी पासबुकातील नोंदीवर लक्ष केंद्रित करणे ही लक्षाची दिशा बदलणे होय. ‘हा माझा अपमान करतो आहे’ याऐवजी ‘हा दोन तास उभा आहे आणि घाबरला आहे’ असा अर्थ लावणे हा बोधनिक बदल. संताप आलेला असतानाही चेहऱ्यावर हसू ठेवणे हा प्रतिसादातील बदल होय.

पहिल्या चार टप्प्यांना पूर्वलक्षी, तर पाचव्या टप्प्याला प्रतिसादलक्षी नियमन म्हणतात. ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी 2003 मध्ये दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. तीतील सहा विधाने पुनर्मूल्यांकनाची आणि चार विधाने अभिव्यक्ती दडपण्याची सवय मोजतात. पुनर्मूल्यांकनाची सवय असलेल्या व्यक्तींमध्ये सकारात्मक भावना, सामाजिक संबंध आणि समाधान अधिक, तर दडपण्याची सवय असलेल्यांमध्ये ते कमी आढळले.

## शारीरिक आधार

धोक्याची जाणीव होताच अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, हृदयाचे ठोके व श्वासाची गती वाढते आणि अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. वॉल्टर कॅनन यांनी या प्रतिसादाला ‘लढा किंवा पळा’ असे संबोधले. वरिष्ठाचा कठोर ईमेल हा जिवावरचा धोका नसला तरी शरीराचा प्रतिसाद याच यंत्रणेतून घडतो.

मेंदूतील अमिग्डला हा भाग धोक्याच्या संकेतांना जलद प्रतिसाद देतो, तर कपाळामागील पूर्वललाट बाह्यपटल अर्थ लावणे, आवर घालणे आणि पर्याय निवडणे या कार्यांत सहभागी असते. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिल्यास अमिग्डलाची सक्रियता घटते आणि पूर्वललाट बाह्यपटलाच्या उजव्या बाजूकडील एका भागाची सक्रियता वाढते, असे आढळले. अपुऱ्या झोपेमुळे या दोन भागांतील समन्वय बिघडतो. रात्रपाळीत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या प्रयोगांत, चित्रफीत पाहताना भावना चेहऱ्यावर येऊ न देण्याची सूचना मिळालेल्यांनी ती बाहेर दिसू दिली नाही. मात्र नकारात्मक भावनेचा त्यांचा अनुभव कमी झाला नाही आणि अनुकंपी चेतासंस्थेचे उद्दीपन वाढले. पुढील प्रयोगांत भावना दडपत असताना समोर सांगितलेला तपशील कमी लक्षात राहतो, असेही दिसून आले. रुग्णाची माहिती ऐकणारी परिचारिका किंवा तक्रार नोंदवणारा कर्मचारी यांच्या कामाच्या अचूकतेशी हा निष्कर्ष थेट संबंधित आहे.

## भावनिक श्रम

पगाराच्या मोबदल्यात विशिष्ट भावना दाखवणे किंवा स्वतःत निर्माण करणे हा कामाचाच भाग असेल, तर त्यास भावनिक श्रम असे म्हणतात. होकशिल्ड यांनी डेल्टा एअरलाइन्समधील विमानसेविका आणि थकीत देणी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास केला. विमानसेविकांकडून आपुलकीची व प्रसन्नतेची, तर वसुली करणाऱ्यांकडून दरारा निर्माण करण्याची अपेक्षा होती. दोन्ही कामांत भावना हीच विक्रीयोग्य वस्तू बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांनी यातील दोन पद्धती वेगळ्या केल्या. वरवरचा अभिनय म्हणजे आत वेगळीच भावना असताना बाहेर अपेक्षित भाव दाखवणे, आणि सखोल अभिनय म्हणजे अपेक्षित भावना खरोखर मनात जागवण्याचा प्रयत्न करणे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता, वरवरच्या अभिनयाचा भावनिक थकवा आणि कामातील असमाधान यांच्याशी सातत्याने संबंध आढळतो. सखोल अभिनयाचा असा हानिकारक संबंध बराच कमी आहे. तथापि सखोल अभिनयाचीही किंमत असते. दीर्घकाळ भावना घडवत राहिल्यास स्वतःची खरी भावना कोणती हेच उमजेनासे होण्याचा धोका होकशिल्ड यांनी दाखवून दिला. तसेच अशा कामांची अपेक्षा स्त्रियांकडून अधिक केली जाते आणि त्याचा वेगळा मोबदला दिला जात नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

परिचारिका, शिक्षक, एसटीचे वाहक, पोलीस कर्मचारी, विक्रेते, स्वागतकक्षातील व कॉल सेंटरमधील कर्मचारी यांच्या कामात भावनिक श्रमाचे प्रमाण मोठे असते.

## मनोलवचीकतेशी संबंध

मनोलवचीकतेचे प्रारंभीचे संशोधन बालविकासाच्या क्षेत्रात झाले. एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटसमूहातील काउई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह, पालकांचे आजारपण अशा अनेक जोखमींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम व आत्मविश्वासपूर्ण प्रौढ झाली. या मुलांच्या स्वभावगुणांइतकाच किमान एका विश्वासू प्रौढाचा आधार महत्त्वाचा ठरला होता. पुढे अ‍ॅन मास्टन यांनी 2001 मध्ये असे प्रतिपादन केले, की लवचीकता हा असामान्य व्यक्तींचा दुर्मिळ गुण नसून नाती, विचारक्षमता, स्व-नियमन यांसारख्या सामान्य यंत्रणांचा परिणाम आहे.

यातून कामाच्या ठिकाणासाठी दोन निष्कर्ष निघतात. पहिला, लवचीकता हा जन्मजात व स्थिर गुण नसून ती सरावाने व अनुकूल वातावरणात वाढू शकते. दुसरा, ती केवळ व्यक्तीच्या आत नसते. सहकारी, वरिष्ठ आणि कुटुंब यांच्या आधारावरही ती अवलंबून असते. लवचीकता मोजण्यासाठी कॅथरीन कॉनर आणि जोनाथन डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये तयार केलेली 25 विधानांची मापनश्रेणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

## नियमनाची तंत्रे

### भावनेला नाव देणे
‘मला कसेतरी होते आहे’ यापेक्षा ‘मला डावलले गेल्याचा राग आला आहे’ असे नेमके नाव दिल्याने भावना आणि प्रतिक्रिया यांत अंतर निर्माण होते. भावनांमधील सूक्ष्म फरक ओळखता येणाऱ्या व्यक्तींना त्यांचे नियमनही अधिक चांगले जमते, असे मानले जाते.

### पुनर्मूल्यांकन
प्रसंगाचा पर्यायी व वस्तुनिष्ठ अर्थ शोधणे हे या तंत्राचे सार आहे. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 मधील प्रयोगांत, सादरीकरणापूर्वी शांत होण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा आपल्या चिंतेला ‘उत्साह’ असे संबोधणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. एलिस यांच्या पद्धतीत ‘सर्वांनी माझ्याशी न्यायानेच वागले पाहिजे’ अशा हट्टी मागणीचे ‘तसे वागावे अशी माझी इच्छा आहे, पण तसे घडेलच असे नाही’ अशा प्राधान्यात रूपांतर केले जाते. मागणी सोडल्याने संतापाची जागा नाराजी घेते. एलिस यांच्या मते नाराजी ही निरोगी भावना आहे, कारण ती कृतीला अडथळा आणत नाही.

### लक्ष वळवणे
गाल शेपेस आणि सहकाऱ्यांच्या 2011 मधील अभ्यासात, भावनेची तीव्रता कमी असताना लोक पुनर्मूल्यांकन निवडतात, तर तीव्रता जास्त असताना लक्ष वळवणे पसंत करतात, असे दिसले. संतापाच्या भरात अर्थ लावत बसण्यापेक्षा काही वेळ जागेवरून उठणे, पाणी पिणे, फेरी मारून येणे अधिक व्यवहार्य ठरते. विचार नंतर करता येतो. मात्र दर वेळी लक्ष वळवत राहिल्यास मूळ प्रश्न तसाच राहतो.

### जर-तर योजना
पीटर गॉलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडलेल्या या तंत्रात प्रसंग येण्यापूर्वीच प्रतिसाद ठरवला जातो. ‘बैठकीत माझे बोलणे मध्येच तोडले गेले, तर मी एक श्वास घेऊन माझे वाक्य पूर्ण करू द्यावे अशी विनंती करेन’ हे त्याचे उदाहरण. ऐन वेळी विचार करण्याचा भार यामुळे कमी होतो.

### श्वसन व सजगता
श्वासोच्छ्वास संथ केल्याने, विशेषतः उच्छ्वास लांबवल्याने, परानुकंपी चेतासंस्था सक्रिय होऊन हृदयगती मंदावते. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा सजगतेवर आधारित ताणनिवारण कार्यक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपद्धतींपासून प्रेरणा घेतलेल्या या कार्यक्रमाची अनेक रूपे आज संस्थांमध्ये राबवली जातात.

### कामापासून मानसिक विलगता
सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये कामानंतर सावरण्याचे चार प्रकार मांडले : कामापासून मनाने दूर होणे, विश्रांती, नवे कौशल्य आत्मसात करणे आणि मोकळ्या वेळेवर स्वतःचे नियंत्रण असणे. सुटीच्या दिवशीही मोबाइलवर कार्यालयीन संदेश पाहत राहिल्यास यांपैकी पहिला प्रकार साध्य होत नाही.

## कार्यक्लांती

नियमनाची गरज सतत राहून सावरण्यास वाव न मिळाल्यास कार्यक्लांती किंवा बर्नआउट उद्भवू शकते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये स्वयंसेवी आरोग्यकेंद्रांत काम करणाऱ्यांच्या संदर्भात ही संज्ञा वापरली. ख्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये तिच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी अलिप्तता आणि आपण काही साध्य करत नसल्याची भावना या तिच्या तीन मिती होत.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कार्यक्लांतीची नोंद केली असून ही आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली. या वर्गीकरणात कार्यक्लांतीला रोग न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व यशस्वीपणे न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी ‘व्यावसायिक घटना’ म्हटले आहे. नैराश्य हा मानसिक आजार असून तो आयुष्याच्या सर्व अंगांना ग्रासतो. कार्यक्लांतीची व्याख्या मात्र कामापुरती मर्यादित आहे. दोहोंची लक्षणे काही प्रमाणात सारखी असल्याने तज्ज्ञांकडून तपासणी होणे आवश्यक ठरते.

## संस्थेची भूमिका

रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार कामाचा बोजा जास्त आणि निर्णयस्वातंत्र्य कमी असेल, तेव्हा ताण सर्वाधिक असतो. बोजा तेवढाच असूनही निर्णयस्वातंत्र्य असल्यास ते काम शिकण्याची संधी ठरू शकते. यावरून असे दिसते, की कर्मचाऱ्याच्या भावनांवर परिणाम करणारे निर्णय अनेकदा त्याच्या हाती नसतात. पाळ्यांची आखणी, मनुष्यबळाची संख्या, तक्रारनिवारणाची व्यवस्था आणि वरिष्ठांची वागणूक हे घटक संस्थेच्या अखत्यारीत येतात.

एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये ‘मानसशास्त्रीय सुरक्षितता’ ही संकल्पना संघांच्या अभ्यासात मांडली. प्रश्न विचारणे, चूक कबूल करणे किंवा मतभेद व्यक्त करणे यांमुळे अपमान वा शिक्षा होणार नाही, असा संघातील सदस्यांचा विश्वास म्हणजे ही सुरक्षितता होय. ती असलेल्या संघात भावना लपवण्याची गरज कमी भासते.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य व चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात. या तत्त्वांत वैयक्तिक प्रशिक्षणाबरोबरच कामाच्या परिस्थितीत बदल करण्याची आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे. मनोसामाजिक जोखमींच्या व्यवस्थापनासाठी ‘आयएसओ 45003’ हे आंतरराष्ट्रीय मानक 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

## भारत व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक 14416 आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती उपलब्ध आहे.

महाराष्ट्रात विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा प्रसार लक्षणीय आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला व ही पद्धती भारतात रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळे एलिस यांचे जीवन व विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाणे येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. मराठीतील लेखन, व्याख्याने व कार्यशाळा यांतून त्यांनी भावनांच्या नियोजनाचा विषय सर्वसामान्यांच्या भाषेत मांडला. सत्यनारायण गोएंका यांनी प्रसार केलेल्या विपश्यना साधनेचे प्रमुख केंद्र ‘धम्मगिरी’ हे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे आहे.

आरोग्यक्षेत्रात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. रुग्णालयांतील हिंसाचाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. नातेवाइकांच्या संतापासमोर डॉक्टर किंवा परिचारिकेने संयम राखणे आवश्यक असले, तरी हल्ल्यापासून संरक्षण ही संयमाने भागणारी गरज नाही, ही बाब अशा कायद्याच्या मुळाशी आहे. गावोगाव काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांचा जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये गौरव केला. त्यांना मात्र नियमित वेतनाऐवजी मानधन व कामावर आधारित मोबदला मिळतो. प्रसूती, बालमृत्यू, साथरोग अशा प्रसंगी कुटुंबाला धीर देणे हे त्यांचे भावनिक श्रम कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात स्वतंत्रपणे नोंदलेले नसतात.

## टीका आणि मर्यादा

व्यवस्थेचे दोष व्यक्तीवर लादणे : लवचीकतेच्या प्रशिक्षणावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की अपुरे मनुष्यबळ, अवास्तव लक्ष्ये किंवा छळ यांमुळे निर्माण झालेला ताण हा कर्मचाऱ्याच्या मनाचा दोष असल्याचे त्यातून सूचित होते. अलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधील अभ्यासाने या आक्षेपाला आधार दिला. ज्यांच्यावरील ताण त्यांच्या नियंत्रणाबाहेरचा होता, त्यांच्यात पुनर्मूल्यांकनाच्या अधिक क्षमतेचा संबंध कमी नैराश्याशी आढळला. याउलट, ताण नियंत्रणात आणता येण्याजोगा असताना अधिक क्षमतेचा संबंध अधिक नैराश्याशी आढळला. बदलता येणारी परिस्थिती बदलण्याऐवजी तिच्याविषयीचा विचारच बदलत राहिल्यास हानी होऊ शकते, असा याचा एक अर्थ लावला जातो.

भावनेचे माहितीमूल्य : राग अनेकदा अन्यायाची, तर भीती खऱ्या धोक्याची सूचना असते. बांधकामावरील मजुराला असुरक्षित परातीवर चढताना वाटणारी भीती शमवणे नव्हे, तर परात बळकट करणे हा योग्य उपाय ठरतो. लैंगिक छळाच्या बाबतीत 2013 च्या कायद्याने अंतर्गत समितीची तरतूद केली आहे. अशा प्रसंगी स्व-नियमनाचा उपयोग तक्रार शांतपणे व पुराव्यांसह मांडण्यापुरता आहे. तक्रारीला पर्याय म्हणून नाही.

सांस्कृतिक फरक : भावना दडपण्याचे दुष्परिणाम दाखवणारे बरेचसे संशोधन अमेरिका व युरोपमध्ये झाले आहे. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधील अभ्यासात, आशियाई सांस्कृतिक मूल्ये मानणाऱ्या स्त्रियांमध्ये हे सामाजिक दुष्परिणाम कमी आढळले. वडीलधाऱ्यांसमोर संयम राखणे हे जिथे आदराचे लक्षण समजले जाते, तिथे मौनाचा अर्थ वेगळा लागतो.

संशोधनातील अनिश्चितता : इच्छाशक्ती हा वापरल्याने संपणारा साठा आहे, अशी रॉय बॉमिस्टर आणि सहकाऱ्यांची 1998 मधील मांडणी अनेक वर्षे प्रभावी होती. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी एकत्रितपणे केलेल्या पडताळणीत मात्र हा परिणाम जवळजवळ आढळला नाही. तसेच या क्षेत्रातील बरेच अभ्यास स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारित असल्याने त्यांतून कार्यकारणभाव निश्चितपणे सांगता येत नाही.

या मर्यादा लक्षात घेता अनेक अभ्यासक एकाच तंत्राला सर्वत्र श्रेष्ठ न मानता प्रसंगानुरूप तंत्र निवडण्याच्या क्षमतेवर भर देतात. तिला नियमनाची लवचीकता असे म्हणतात. प्रसंग बदलता येण्याजोगा आहे का, भावनेची तीव्रता किती आहे आणि ती कोणती सूचना देते आहे, या तीन बाबी निवड करताना महत्त्वाच्या मानल्या जातात.

## हेही पहा

* भावनिक बुद्धिमत्ता
* ताण (मानसशास्त्र)
* विवेकनिष्ठ मानसोपचार
* कार्यक्लांती
* विपश्यना
* औद्योगिक मानसशास्त्र